सुईला काय माहीत?

मागच्या शनिवारी एका मित्राकडे रेकॉर्ड ऐकायचा बेत होता. मित्र म्हणजे या बाबतीतला अट्टल माणूस. टर्नटेबल भिंतीला ठोकलेल्या शेल्फवर, शेल्फच्या चारही बाजूंना लेव्हल बघून झालेली, आणि सुई खाली ठेवल्यावर घरात जोरात चालायचं नाही हा नियम. दोन तास ऐकलं. मध्येच मला राहवलं नाही आणि मी म्हणून गेलो, "बघ, हा खरा अ‍ॅनालॉग आवाज. सीडीत हे नाही."

तो जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "अरे, हा नवीन अ‍ॅम्प आत येणारा प्रत्येक सिग्नल आधी डिजिटल करतो. रेकॉर्डचासुद्धा."

माझं तोंड बघण्यासारखं झालं असणार. रोज ऑफिसात लोकांना "आधी मोजा, मग बोला" सांगणारा मी! गाडी चालवत घरी येईपर्यंत डोक्यात तेच. मग आठवडाभर रात्री बसून या टर्नटेबलवाल्यांचा इतिहास वाचला. माझ्यासारखं तोंडावर पडलेल्यांची यादी बरीच मोठी आहे आणि त्यात फार बडी मंडळी आहेत, एवढं कळल्यावर बरं वाटलं. ;-)

आधी थोडं मशीनबद्दल. एलपी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते, म्हणजे १.८ सेकंदाला एक. बावीस मिनिटांच्या एका बाजूवर जी खाच कोरलेली असते ती उलगडली तर जवळजवळ अर्धा किलोमीटर भरेल (गणित मी केलंय, सरासरी त्रिज्या धरून). या अर्ध्या किलोमीटरच्या गल्लीतून दोनेक ग्रॅम वजनाखाली दाबलेली एक हिऱ्याची सुई जाते, आणि गल्लीच्या भिंती जशा वाकड्यातिकड्या असतील तशी हलते. या हलण्याची वीज होते, विजेचा आवाज. बारीक आवाजांसाठी भिंतीतला फरक एक मायक्रॉनपेक्षाही कमी असतो.

गोची अशी की सुईला गाणं आणि गोंधळ यातला फरक कळत नाही. खाच हलली म्हणून ती हलली, का मोटर थरथरली म्हणून, का कोणी शेजारून चालत गेलं म्हणून... तिला काय माहीत? तिच्या दृष्टीनं सगळं गाणंच. तेव्हा टर्नटेबलच्या डिझाइनचा अख्खा इतिहास म्हणजे सुईपर्यंत काय पोचू द्यायचं नाही याचा इतिहास आहे.

१९५० च्या दशकातल्या चांगल्या मशीनमध्ये मोटरच्या दांड्यावरून एक रबरी चाक फिरायचं आणि ते चाक थाळीच्या कडेला आतून घासत थाळी फिरवायचं. इंग्लंडात स्विंडनला बनणारं गॅरार्ड ३०१ हे त्यातलं सगळ्यात गाजलेलं. ताकद बैलासारखी, पण मोटरची घरघर रबरी चाकातून थाळीत, थाळीतून रेकॉर्डमध्ये. बीबीसीनं ही मशीन्स वापरली, कारण स्टुडिओला चटकन वेग पकडणारं आणि वर्षानुवर्षं न मरणारं यंत्र हवं होतं.

(इथे एक पुणेरी कंस टाकल्याशिवाय राहवत नाही. गॅरार्ड हे नाव फिरत फिरत ब्राझीलच्या एका कंपनीकडे गेलं होतं. २०१८ मध्ये ते विकत घेतलं कॅडन्स ऑडिओनं. म्हणजे आपल्या पुण्याचे अजय शिर्के, तेच जे बीसीसीआयचे सचिव होते. त्याआधी २०१६ मध्ये त्यांनी एसएमई ही टर्नटेबलचे आर्म बनवणारी ससेक्समधली जगप्रसिद्ध कंपनीही घेतली होती. डिसेंबर २०१९ मध्ये एसएमईनं जाहीर केलं की यापुढे सुटे आर्म विकणार नाही, आर्म हवा तर आमचं अख्खं टर्नटेबल घ्या. जगभरच्या शौकिनांमध्ये हाहाकार उडाला. त्यांना वाटलं असेल, कुठून आले हे लोक! तर इथून. असो.)

आता खरी गोष्ट. अमेरिकेत एडगर व्हिल्चर नावाचा एक माणूस होता. १९५४ मध्ये त्यानं आपला विद्यार्थी हेन्री क्लॉसबरोबर केंब्रिज, मॅसॅच्युसेट्सला अकूस्टिक रिसर्च, म्हणजे एआर ही कंपनी काढली. कपाटाएवढ्या स्पीकरमधून निघणारा खर्ज पुस्तकांच्या शेल्फात मावेल एवढ्या खोक्यातून काढून दाखवला, ही त्याची पहिली करामत. दुसरी करामत १९६१ ची, एआरचं टर्नटेबल.

व्हिल्चरनं विचार केला तो असा. सुई मोजते ती खाच आणि आर्म यांच्यातली हालचाल. दोन्ही एकदम, एकसारखे हलले तर सुईला काहीच कळणार नाही! मग त्यानं थाळीचं बेअरिंग आणि आर्म एकाच धातूच्या कडक पट्टीवर बसवले आणि ती पट्टी तीन स्प्रिंगांवर टांगली. मोटर बाहेर, वरच्या पत्र्यावर, आणि मोटर व थाळीमध्ये फक्त एक रबरी पट्टा. स्प्रिंगा सेकंदाला चार-पाच वेळा हलतील इतक्या मऊ. त्याच्या बऱ्याच वरचं जे काही थरथरणं असेल ते स्प्रिंगा गिळून टाकणार. आमच्या भाषेत सांगायचं तर लो-पास फिल्टर, फक्त लोखंडाचा. रेकॉर्ड चालू असताना लाकडी हातोड्यानं टर्नटेबलच्या पत्र्यावर मारून दाखवायचे, आणि सुई जागची हलायची नाही.

किंमत? आर्मसकट साठ डॉलरच्या आत.

हे महत्त्वाचं आहे, कारण व्हिल्चरच्या डोक्यातलं गणित सरळ होतं. टर्नटेबलनं एका वेगानं फिरावं, घरघर करू नये आणि गप्प बसावं. ते जमलं की काम झालं. उरलेले पैसे स्पीकरवर घाला, कारण खरी गडबड तिथे होते. तो मोजणारा माणूस होता. पण कानांवरही त्याचा विश्वास होता, फक्त कानांची परीक्षा घ्यायची त्याची पद्धत कडक होती. एआरनं अनेक शहरांत कार्यक्रम केले, त्यात फाइन आर्ट्स क्वार्टेट ही मंडळी स्टेजवर वाजवायची आणि मध्येच वाजवण्याचं नुसतं नाटक करायची. तेव्हा आवाज स्पीकरमधून यायचा. प्रेक्षकांनी ओळखायचं, कधी खरं आणि कधी टेप. बहुतेकांना बदल कुठे झाला ते सांगता यायचं नाही.

आता स्कॉटलंड. ग्लासगोमध्ये जॅक टिफेनब्रनचा कारखाना होता, कॅसल प्रिसिजन इंजिनिअरिंग. त्याचा मुलगा आयव्हर. त्यानं घरी हाय-फाय आणलं आणि त्याच्या लक्षात आलं की टर्नटेबल शेजारच्या खोलीत ठेवून दार लावलं की आवाज सुधारतो. स्पीकर तेच, अ‍ॅम्प तोच. म्हणजे स्पीकरचा आवाज हवेतून आणि जमिनीतून परत टर्नटेबलमध्ये शिरत होता आणि सुई इमानेइतबारे तोही वाचत होती. मला हा किस्सा फार आवडतो, कारण हे शुद्ध डीबगिंग आहे. एक गोष्ट बदला, बाकी सगळं तसंच ठेवा.

त्यातून आलं लिन सोन्डेक एलपी१२, आणि १९७३ मध्ये लिन प्रॉडक्ट्स ही कंपनी. आता आत डोकावून पाहिलं तर काय दिसतं? तीन स्प्रिंगा, टांगलेली सब-चासी, पट्टा, बाहेर मोटर. म्हणजे व्हिल्चरचंच यंत्र. मधल्या काळात थोरेन्सनं टीडी १५० मध्ये तेच केलं होतं, आणि १९७१ मध्ये अ‍ॅरिस्टन आरडी११ नावाचं एक मशीन आलं होतं ज्याचे भाग जॅकच्याच कारखान्यात बनायचे. अ‍ॅरिस्टनचा मालक आणि टिफेनब्रन यांचं फाटलं, पेटंटवरून भांडण झालं, ते लिननं जिंकलं. लिनचा खरा हक्क होता तो एका बिंदूवर टेकणाऱ्या बेअरिंगवर आणि कारखान्यातल्या अचूक घडाईवर. तो होताच, त्यात वाद नाही.

पण यंत्र तेच असलं तरी आयव्हरनं सांगितलेली गोष्ट व्हिल्चरच्या बरोबर उलटी होती. तो म्हणाला, टर्नटेबल सगळ्यात महत्त्वाचं! सुईनं जे खाचेतून उचललं नाही ते पुढे कुठलाही अ‍ॅम्प, कुठलाही स्पीकर परत आणू शकत नाही. तेव्हा पैसे आधी टर्नटेबलवर घाला. तत्त्व म्हणून हे पटतं हो. कचरा आत, कचरा बाहेर. मात्र 'हरवलेलं परत येत नाही' हे खरं असलं तरी 'किती हरवतं' हा आकड्याचा प्रश्न आहे, आणि तिथे आकड्यांना विचारायचं लिनवाल्यांनी सोडून दिलं. ते म्हणाले, ऐका. पाय ठेका धरतोय का, चाल गुणगुणता येतेय का, ते बघा. दुकानात डेमो देताना खोलीत दुसरे स्पीकर ठेवायचे नाहीत, कारण न वाजणारा स्पीकरही आवाजाला हलतो आणि आवाज बिघडवतो!

हसू नका. १९७० च्या उत्तरार्धात आणि ८० च्या दशकात ब्रिटनमधली अर्धी हाय-फाय दुकानं आणि मासिकं याच भाषेत बोलत होती. विरोधकांनी त्यांना नाव ठेवलं 'फ्लॅट अर्थ' वाले, पृथ्वी सपाट मानणारे. यांनी ते नाव मिरवलं.

जपानमध्ये तोवर मत्सुशिताच्या लोकांनी वेगळाच मार्ग धरला होता. शुइची ओबाता या इंजिनिअरनं पट्टा आणि चाक दोन्ही फेकून दिलं. मोटरच मुळी मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांनी फिरणारी बनवली आणि थाळी थेट तिच्यावर ठेवली. १९७० चं टेक्निक्स एसपी-१०, मग १९७२ चं एसएल-१२००, आणि १९७९ मध्ये त्याची क्वार्ट्झवर वेग बांधलेली एमके२ आवृत्ती. वेगातला चढउतार ०.०२५ टक्के. उभ्यापासून पूर्ण वेगाला ०.७ सेकंद. सगळे आकडे पट्ट्यावाल्यांपेक्षा सरस.

आणि ब्रिटनमधल्या शौकिनांनी त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. "आकडे चांगले, पण संगीत नाही." टेक्निक्सला उचललं ते न्यूयॉर्कच्या पोरांनी, ज्यांना रेकॉर्ड हातानं मागेपुढे करायची होती. हाय-फायवाल्यांनी नाकारलेलं यंत्र वाद्य झालं! २०१० मध्ये कंपनीनं ते बंद केलं आणि २०१६ मध्ये परत आणलं, या वेळी किंमत आणि दिमाख असा की पूर्वी नाक मुरडणारी मासिकं कौतुक करू लागली. कोणाच्या कानात बदल झाला, विचारू नका.

आकड्यांबद्दल एक गोष्ट मात्र मला खटकली, ती सांगतो. समजा रेकॉर्डचं मधलं भोक ०.२ मिलिमीटर बाजूला पडलं. नखाच्या जाडीपेक्षाही कमी. शेवटच्या गाण्यापाशी खाचेची त्रिज्या असते साधारण ६० मिलिमीटर. म्हणजे दर १.८ सेकंदाला सूर ०.३३ टक्के वरखाली होणार. टर्नटेबलची स्वतःची चूक ०.०२५ टक्के आणि रेकॉर्डच्या भोकाची चूक तिच्या तेरा पट! हा दोष ज्यांनी खरोखर गंभीरपणे घेतला ते नाकामिची. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी टीएक्स-१००० बनवलं. ते मशीन शेवटची मोकळी खाच चाचपून बघायचं, भोक किती चुकलंय ते मोजायचं आणि मोटरनं रेकॉर्ड सरकवून मध्यावर आणायचं. महागडं, किचकट, आणि बाजारात फार चाललं नाही. बाकी सारे शौकीन मात्र हजारोंचे पट्टे, पाय आणि मॅट बदलत राहिले. जो बग दुरुस्त करायला मजा येते तोच आपण आधी घेतो, हा आमच्या धंद्यातला रोग तिकडेही आहे.

आता माझ्या शनिवारच्या फजितीकडे येतो.

१९८२-८३ मध्ये सीडी आली. आयव्हर टिफेनब्रन तिचा कट्टर शत्रू. त्याचं म्हणणं, डिजिटल कुठेही मध्ये आलं की संगीत मरतं, आणि ते मला ऐकू येतं. १९८४ मध्ये कॅनडातल्या वॉटरलू विद्यापीठाचे स्टॅनली लिपशिट्झ आणि काही मंडळींनी म्हटलं, बघू. आयव्हर बसला. रेकॉर्ड वाजवायची, आणि सिग्नल कधी सरळ जाऊ द्यायचा तर कधी सोनीच्या पीसीएम-एफ१ नावाच्या मशीनमधून, म्हणजे डिजिटल करून परत अ‍ॅनालॉग करून. कुठला कधी, ते त्याला सांगायचं नाही. एफ१ हे घरगुती वापराचं, त्या काळातलं साधं मशीन होतं, आजच्या मानानं खेळणं. आयव्हरला ओळखता आलं नाही. नाणं उडवून जेवढं बरोबर येईल तेवढंच बरोबर आलं. बॉस्टन ऑडिओ सोसायटीच्या अंकात त्याचा पूर्ण अहवाल छापून आला.

मला यात आयव्हरची थट्टा करायची नाही. उलट, तो बसला याचं मला कौतुक आहे. ज्या दाव्यावर आपला अख्खा धंदा उभा, त्या दाव्याची परीक्षा द्यायला कितीजण तयार होतात? मित्राकडे मला आधी विचारलं असतं, "चल, डोळे बांधून सांग," तर मी चहाचं निमित्त काढून उठलो असतो.

पण परीक्षेनं काही बदललं का? शून्य. एलपी१२ विकलं जात राहिलं. इथे लिनची एक गोष्ट मानावीच लागेल, आणि ती आवाजाची नाही. त्यांनी मशीनचं माप बदललंच नाही. १९८२ चा व्हलहाला पॉवर सप्लाय, १९९३ चं सर्कस बेअरिंग, पुढे कील सब-चासी, २००९ ची रॅडिकल मोटर, २०२० चं कॅरोसेल बेअरिंग... नवा भाग १९७० च्या दशकातल्या मशीनलाही बसतो. पन्नास वर्षांची बॅकवर्ड कम्पॅटिबिलिटी! आम्हाला दोन वर्षं जमत नाही. एखाद्याचं एलपी१२ म्हणजे आजीची गोधडी. मूळचं लुगडं कुठलं आणि नंतरचं ठिगळ कुठलं, हे आता आजीलाही सांगता यायचं नाही.

मग काळानं दोन गमती केल्या. लिननं पुढे स्वतःही सीडी प्लेअर बनवले होते, आणि २००९ मध्ये त्यांनी जाहीर केलं की आम्ही ते बंद करतोय. सीडी गेली, टर्नटेबल राहिलं. दुसरी गंमत २०१७ ची. एलपी१२ च्या पोटात बसवायचा नवा फोनो स्टेज आला, उरिका २. तो काय करतो? सुईकडून आलेला सिग्नल तिथल्या तिथे डिजिटल करतो आणि मगच बाहेर पाठवतो. त्याच एलपी१२ मध्ये! कंपनीचं म्हणणं, आवाज आणखी चांगला होतो. होत असेलही. आणि २०२३ मध्ये पन्नाशीनिमित्त, अ‍ॅपलचे फोन घडवणाऱ्या जॉनी आइव्हच्या लव्हफ्रॉमबरोबर काढलेली खास आवृत्ती, फक्त २५० नग, प्रत्येकी ५०,००० पौंड. तत्त्व तेच, साठ डॉलरच्या आतलं. तीन स्प्रिंगा आणि एक पट्टा.

१९८४ ची परीक्षा एकट्या माणसाची होती. २०२२ मध्ये ती अख्ख्या जमातीची झाली, तीसुद्धा कोणाला न सांगता. मोबाइल फिडेलिटी ही कॅलिफोर्नियातली कंपनी जुन्या अल्बमच्या महागड्या रेकॉर्ड काढते. ख्याती अशी की मूळ टेपवरून थेट खाच, मध्ये संगणक नाही. 'वन-स्टेप' मालिकेतली एक रेकॉर्ड १२५ डॉलरला. मायकल जॅक्सनच्या 'थ्रिलर'च्या तर ४०,००० प्रती काढणार असं जाहीर झालं, आणि काहींना प्रश्न पडला की एवढ्या प्रती काढायच्या तर मूळ टेप किती वेळा वाजवणार? झिजणार नाही का? जुलैमध्ये फीनिक्सच्या एका रेकॉर्ड दुकानदारानं जाहीरपणे म्हटलं, माझ्या माहितीप्रमाणे हे लोक डिजिटल कॉपी वापरतात. कंपनीनं त्याला बोलावून घेतलं, आणि त्यांच्या इंजिनिअरांनी कबूल केलं. हो. डीएसडी फाइल. २०११ पासून!

म्हणजे अकरा वर्षं. या अकरा वर्षांत जगातले सगळ्यात तयार कान, लाखोंच्या टर्नटेबलांवर, याच रेकॉर्डना 'अ‍ॅनालॉग कसा असावा' याचा नमुना म्हणत होते. कोणाच्या कानाला शंका आली नाही. शंका आली ती ४०,००० या आकड्यामुळे. आणि विशेष म्हणजे त्या रेकॉर्ड खरोखरच चांगल्या होत्या. कालपर्यंत चांगल्या आणि आज वाईट असं खाचेत काहीच बदललं नव्हतं.

लोक चिडले ते फसवल्यामुळे, आणि ते बरोबरच आहे. डब्यावर देशी तूप लिहून आत दुसरं काही विकलं तर चव कितीही चांगली असली तरी फसवणूकच. खटले झाले, अडीच कोटी डॉलरच्या आसपास तडजोड झाली. बाजाराला मात्र धक्का बसला नाही. त्याच २०२२ मध्ये अमेरिकेत सुमारे ४.१ कोटी रेकॉर्ड खपल्या आणि सीडी ३.३ कोटी. रेकॉर्डनी संख्येत सीडीला मागे टाकलं, १९८७ नंतर पहिल्यांदा.

व्हिल्चरचं काय झालं हे सांगायचं राहिलं. १९६७ मध्ये त्यानं एआर विकली आणि हाय-फाय सोडून तो बहिऱ्यांच्या मागे लागला. श्रवणयंत्रं तेव्हा सगळाच आवाज सारखा मोठा करायची, त्यामुळे बारीक ऐकू येत नसे आणि मोठा आवाज कानात टोचे. त्यानं आवाजाचे उंच-खोल पट्टे वेगळे करून प्रत्येक पट्टा कमी-जास्त दाबायची पद्धत शोधली, १९७३ मध्ये ती छापली, आणि पेटंट घेतलं नाही. पुढच्या श्रवणयंत्रांनी ती उचलली. तो २०११ मध्ये वारला, ९४ वर्षांचा होऊन.

काल मित्राला फोन केला. म्हटलं, तुझ्याकडे मोबाइल फिडेलिटीच्या रेकॉर्ड आहेत का? म्हणाला, दोन. तडजोडीत ग्राहकांना दोन रस्ते होते, रेकॉर्ड परत द्या आणि पूर्ण पैसे घ्या, नाहीतर ठेवा आणि थोडीशी भरपाई घ्या. विचारलं, तू काय केलंस? म्हणाला, "अरे, इकडून पाठवायचा खर्च कोण करतो? आणि वाजतात छान." पुढच्या शनिवारी त्याच ऐकायच्या ठरल्यात. डोळ्यांना बांधायला रुमाल मी नेणार आहे.